मोल्सवर्थ आडनावाचा उगम आणि प्रसार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी वाचकाला मोल्सवर्थ हे नाव ठाऊक असते ते शब्दकोशामुळे. मात्र कोशकार हा त्या आडनावाचा एक धारक झाला. आडनाव त्याच्याहून कितीतरी जुने आहे, इंग्लंडमध्येही ते विरळाच आढळते, आणि एका खेड्यापासून ते कॉर्नवॉल, डब्लिन, लँकेशर व पुढे वेलिंग्टन-मेलबर्नपर्यंत कसे पोहोचले याचा बराचसा माग कागदोपत्री लागतो. त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हे आडनाव मुळात कोठले?

पूर्व इंग्लंडमधील हंटिंग्डनशर या परगण्यात मोल्सवर्थ नावाचे एक लहान खेडे आहे. आडनाव त्या गावावरून आले. हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेस साधारण १६ किलोमीटरवर, नॉर्थँप्टनशरच्या सीमेला लागून हे गाव वसले आहे. हंटिंग्डनशर १९७४ मध्ये केंब्रिजशर परगण्यात विलीन झाला, त्यामुळे आजच्या नकाशावर गाव केंब्रिजशरमध्ये दिसते आणि जुन्या कागदांत हंटिंग्डनशरमध्ये. शोध घेणाऱ्याने दोन्ही नावे लक्षात ठेवावीत, कारण पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या) नोंदवह्या, मृत्युपत्रे आणि करांच्या याद्या जुन्या परगण्यानुसारच लावलेल्या असतात.

१०६६ मध्ये नॉर्मन स्वारी करून इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाच्या आज्ञेने १०८६ मध्ये झालेल्या पाहणीत, म्हणजे ज्याला डूम्सडे बुक म्हणतात त्या दप्तरात, या गावाची नोंद ‘मोल्सवर्ड’ अशी सापडते. नाव त्या वेळी रुळलेले होते. याचा अर्थ गावाचे नाव नॉर्मन स्वारीच्या आधीचे, अँग्लो-सॅक्सन काळातले आहे.

‘मोल्सवर्थ’ या नावाचा अर्थ काय?

नावाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात ‘मूल’ हे पुरुषाचे नाव असून त्याला षष्ठीचा प्रत्यय लागला आहे. दुसरा भाग ‘वर्थ’ म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा, घराभोवतीचे आवार, आणि पुढे त्या आवाराभोवती वाढलेली वस्ती. मूल नावाच्या माणसाची वाडी, असा सरळ अर्थ होतो.

मूल हे खेचरासाठीचे लॅटिनमधून आलेले नाव होते आणि माणसाला ते बहुधा टोपणनाव म्हणून पडत असे. हलक्या प्रतीच्या माणसाचेच हे नाव असे, असे मात्र समजू नये. वेसेक्सचा राजा कॅडवाला याच्या भावाचे नाव मूल होते. तो केंटचा राजा झाला आणि ६८७ मध्ये केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारले. आपल्या गावाचा मूल हा नव्हे. तो कोणी स्थानिक जमीनधारक असणार. हे नाव त्या काळी बऱ्यापैकी चालत असे, याची साक्ष मोल्सफर्ड, मोल्सो आणि ब्रायटनमधील मोल्सकूम ही आणखी काही गावे-वस्त्या देतात. त्यांच्याही पोटात हाच मूल दडलेला आहे.

इंग्रजीत जमीन पोखरणाऱ्या एका लहान प्राण्याचे नाव ‘मोल’ असे आहे. त्यावरून ‘मोलांचे गाव’ असा अर्थ लावलेला अधूनमधून वाचायला मिळतो. तो चुकीचा आहे. प्राण्यासाठीचा तो शब्द इंग्रजीत अनेक शतकांनंतर रूढ झाला. त्याच्या कितीतरी आधी गावाचे नाव दप्तरात नोंदले गेले होते.

उच्चार कसा करावा, आणि मराठीत कसे लिहावे?

इंग्रजी उच्चारात ‘मो’ दीर्घ असून मधला ‘स’ किंचित ‘झ’कडे झुकतो, लिपीत दिसणारा ‘ए’ उच्चारला जात नाही. मराठीत मोल्सवर्थ, मोल्स्वर्थ, मोलस्वर्थ अशी तिन्ही रूपे छापलेली आढळतात. येथे सर्वाधिक रुळलेले पहिले रूप वापरले आहे. ‘मोलेसवर्थ’ हे रूप अक्षरांवरून बेतलेले आहे, ते टाळलेले बरे.

गावाचे नाव आडनाव कसे झाले?

इंग्लंडमध्ये नॉर्मन स्वारीनंतर साधारण तीन-साडेतीन शतकांत आडनावे पिढीजात झाली. आधी जमीनदार वर्गात, मग शहरांतील व्यापारी-कारागिरांत, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक सामान्य शेतकऱ्यांतही. उत्तरेकडे ही प्रक्रिया दक्षिणेपेक्षा उशिरा पूर्ण झाली. गावावरून आलेली आडनावे हा त्यांतील फार मोठा वर्ग आहे.

ती दोन वाटांनी रूढ झाली. जो गावाचा धनी असे त्याला ‘अमुक गावचा’ म्हणून ओळखत, कारण जमीन हीच त्याची ओळख होती. दुसरी वाट सामान्य माणसाची. तो आपल्या गावात राहत असेपर्यंत त्याला गावाच्या नावाने हाक मारण्याचे कारणच नव्हते, कारण शेजारीपाजारी सगळेच त्या गावचे. तो गाव सोडून दहा-वीस कोसांवर कामाला गेला की तेथील लोक त्याला ‘मोल्सवर्थचा’ म्हणू लागत. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. चिपळूणकर हे नाव चिपळुणात राहून पडत नाही. चिपळूण सोडल्यावर पडते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. स्थानवाचक आडनावाचा सर्वांत दाट आढळ ज्या गावावरून ते आले तेथेच असेल ही अपेक्षा चुकीची आहे. आडनाव गावाबाहेर, आसपासच्या परगण्यांत आणि जेथे काम मिळे अशा शहरांत उगवते. मोल्सवर्थ खेड्यात मोल्सवर्थ आडनावाची माणसे भेटली नाहीत तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

आडनावाचा सर्वांत जुना ज्ञात धारक कोण?

वंशावळीच्या ग्रंथांत पहिले ठळक नाव सर वॉल्टर द मोल्सवर्थ यांचे येते. पहिल्या एडवर्ड राजाच्या आणि त्याच्या मुलाच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या शेवटी आणि चौदाव्याच्या आरंभी, ते बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशर या जोडपरगण्यांचे शेरीफ, म्हणजे परगण्यातील राजाचे अधिकारी, होते. नावातील ‘द’ म्हणजे ‘अमुक गावचा’. आडनाव अजून पुरते गोठलेले नव्हते, याची ती खूण होय. एडवर्डबरोबर ते धर्मयुद्धासाठी जेरुसलेमच्या वाटेवर गेले होते, असे उमराव घराण्यांच्या वंशावळी सांगतात. अशा ग्रंथांतील धर्मयुद्धाच्या कथा घराण्याच्या अभिमानातून वाढत गेलेल्या असतात, म्हणून त्यांना परंपरा म्हणावे, पुरावा म्हणू नये. शेरीफपदाची गोष्ट वेगळी आहे. ती सरकारी कामकाजातील आहे.

सगळे मोल्सवर्थ एकाच घराण्याचे आहेत का?

तसे गृहीत धरता येत नाही. उगमस्थान एकच गाव असले, तरी त्या गावातून वेगवेगळ्या काळात बाहेर पडलेल्या, एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेल्या माणसांना तेच नाव पडू शकते. गाव लहान असल्यामुळे अशा मूळपुरुषांची संख्या मोजकी असणार, एवढे अनुमान योग्य आहे. छापील इतिहासात उमराव घराण्यांचीच नावे येतात. त्यामुळे या आडनावाचा प्रत्येक गवंडी, विणकर किंवा शेतमजूर एखाद्या लॉर्डच्या विसरलेल्या शाखेतला असावा, असा समज पसरतो. हा त्या माणसांवर अन्याय आहे. त्यांचे आडनाव त्यांनी स्वतः गाव सोडून, पायी चालून मिळवले. ते कोणाच्या वाड्यातून उतरलेले असण्याची गरज नाही.

मोल्सवर्थ आणि चेशरमधील मोल्ड्सवर्थ यांचा संबंध आहे का?

उगमाचा संबंध नाही, पण कागदोपत्री गोंधळ मात्र खूप होतो. वायव्य इंग्लंडमधील चेशर परगण्यात मोल्ड्सवर्थ नावाचे गाव आहे. तेथे रेल्वे स्थानकही आहे. त्या नावातील पहिला भाग माणसाचा नसून टेकडीचा आहे, आणि बाराव्या शतकापासून ते वेगळ्या रूपात नोंदलेले आढळते. त्या गावावरूनही आडनाव निघणे स्वाभाविक होते. मधला ‘ड’ बोलताना सहज गळतो आणि मग दोन्ही आडनावे कानाला सारखीच लागतात.

सोळाव्या-सतराव्या शतकात आडनाव लिहिणारा माणूस म्हणजे पॅरिशचा कारकून किंवा पाद्री. तो कानाने ऐकून लिहीत असे. त्यामुळे मोल्सवर्थ, मौल्सवर्थ, मोलसवर्थ अशी रूपे एकाच कुटुंबाच्या नोंदींतही सापडतात. १६३२ मध्ये स्वतःच्या आयुष्यावर इंग्रजीत पद्यरूप टिपण लिहिणाऱ्या विधवा मार्था यांचे आडनाव ‘मौल्सवर्थ’ असे लिहिले जाते. ते त्यांच्या नवऱ्याकडून आलेले होते.

लँकेशर आणि चेशर भागातील पूर्वज शोधणाऱ्याने म्हणूनच घाई करू नये. कुटुंबाच्या सर्वांत जुन्या नोंदी चेशरच्या आसपास थांबत असतील, तर मोल्ड्सवर्थ हे मूळ अधिक संभवनीय ठरते. त्या नॉर्थँप्टनशर, बेडफर्डशर किंवा हंटिंग्डनशरकडे जात असतील, तर मोल्सवर्थ. केवळ आजच्या स्पेलिंगवरून निर्णय देता येत नाही.

फॉदरिंगेचे नाव या संदर्भात वारंवार का येते?

फॉदरिंगे हे नॉर्थँप्टनशरमधील गाव मोल्सवर्थ खेड्यापासून सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आतच आहे. स्कॉटलंडची राणी मेरी हिचा १५८७ मध्ये शिरच्छेद झाला तो तेथील किल्ल्यात. सोळाव्या शतकात तेथे मोल्सवर्थ आडनावाचे एक सधन कुटुंब राहत होते आणि पुढची दोन्ही नामांकित घराणी, कॉर्नवॉलचे आणि आयर्लंडचे, आपले मूळ या कुटुंबाकडे नेतात. या घराण्यातील अँथनी मोल्सवर्थ यांनी एलिझाबेथ राणीचे आतिथ्य इतक्या थाटात केले की ते कर्जात बुडाले आणि जमीन विकावी लागली, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, पुढच्या पिढ्या परगणा सोडून दूरवर विखुरल्या एवढे निश्चित. आडनावाच्या प्रसाराचा पुढचा टप्पा तेथून सुरू होतो.

कॉर्नवॉलमधील मोल्सवर्थ कोण?

एलिझाबेथच्याच काळात जॉन मोल्सवर्थ कॉर्नवॉलच्या डचीचे, म्हणजे तेथील राजघराण्याच्या जहागिरीचे, हिशेबनीस म्हणून इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला गेले. तेथील हेंडर घराण्यातील मुलीशी त्यांचे लग्न झाले आणि बॉडमिनजवळील पेनकॅरो हे घराण्याचे ठिकाण ठरले. सासरचे आडनाव पुढे मुलांच्या पहिल्या नावात उतरले. त्यामुळेच या घराण्यात ‘हेंडर मोल्सवर्थ’ असे नाव आढळते.

हे हेंडर मोल्सवर्थ जमैकाला गेले, १६८० च्या दशकात तेथील राज्यकारभार त्यांनी सांभाळला आणि १६८९ मध्ये त्यांना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. जमैकातील रॉयल आफ्रिकन कंपनीचे काम ते पाहत असत. या कंपनीचा व्यापार आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचा होता. घराण्याच्या वैभवाची गोष्ट सांगताना हा भाग गाळणे योग्य नाही. आडनावाच्या प्रसाराशीही त्याचा संबंध आहे: कॅरिबियन बेटांवरील गुलामांना आणि त्यांच्या वंशजांना मळेवाल्यांची वा अधिकाऱ्यांची आडनावे अनेकदा मिळाली. म्हणून त्या भागात एखादे इंग्रजी आडनाव आढळले, तर त्यामागे इंग्लंडहून आलेले कुटुंबच असेल असे नसते.

पेनकॅरोचे सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे आठवे बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५). सुधारणावादी खासदार, हॉब्ज या तत्त्वज्ञाच्या समग्र लेखनाचे संपादक, आणि अखेरच्या काही महिन्यांत वसाहतखात्याचे मंत्री अशी त्यांची ओळख. कैद्यांना ऑस्ट्रेलियात पाठवण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या १८३७–३८ च्या संसदीय समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीच्या अहवालामुळे न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणे थांबण्यास मोठी मदत झाली. बागकामाची त्यांना अतोनात हौस होती. चिली देशातील अराउकेरिया हा काटेरी पानांचा वृक्ष त्यांनी पेनकॅरोला लावला, तेव्हा तो पाहून त्यांचे स्नेही चार्ल्स ऑस्टिन म्हणाले की यावर चढायचे झाले तर माकडही कोड्यात पडेल. त्या वृक्षाला इंग्रजीत ‘माकडाचे कोडे’ हेच नाव मिळाले आणि ते आजही चालते.

सर विल्यम निपुत्रिक वारले. पदवी आप्तांकडे गेली आणि पुढे सेंट ऑबिन घराण्याशी आलेल्या संबंधातून ‘मोल्सवर्थ-सेंट ऑबिन’ असे जोडआडनाव रूढ झाले. आडनावांच्या मोजणीत अशी जोडनावे अनेकदा निराळ्या रकान्यात जातात, हे ध्यानात ठेवावे.

आयर्लंडमधील शाखा कशी सुरू झाली?

सतराव्या शतकाच्या मध्यावर रॉबर्ट मोल्सवर्थ नावाचे गृहस्थ आयर्लंडच्या युद्धात उतरले आणि पुढे डब्लिनमध्ये व्यापारी म्हणून स्थिरावले. १६५६ मध्ये ते वारले. त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच जन्मलेला मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा राजदूत झाला. तेथील राजाच्या अनियंत्रित सत्तेवर त्याने लिहिलेले पुस्तक १६९४ मध्ये निघाले आणि युरोपभर गाजले. १७१६ मध्ये त्याला आयर्लंडच्या उमरावमंडळात व्हायकाउंट मोल्सवर्थ ही पदवी मिळाली.

डब्लिनमध्ये आजच्या आयरिश संसदेसमोर, लिन्स्टर हाउसच्या दारातून सरळ निघणारा रस्ता मोल्सवर्थ स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. घराण्याच्या जमिनीवर अठराव्या शतकात तो आखला गेला. आयर्लंडमध्ये आडनाव ठसले ते या रस्त्यामुळे आणि पदवीमुळे. सामान्य लोकांत ते तेथे फार पसरले नाही. आयर्लंडमधील इतर शाखांचा शोध अवघड होण्याचे आणखी एक कारण म्हणजे १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले आणि जुन्या जनगणना व मृत्युपत्रांचा फार मोठा साठा कायमचा गेला.

रॉचडेल या गिरणगावाशी आडनावाचा काय संबंध?

मँचेस्टरजवळील रॉचडेलचे धर्मगुरुपद १८३९ पासून १८७७ पर्यंत जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ यांच्याकडे होते. पहिले व्हायकाउंट हे त्यांचे पणजोबा. चर्चसाठी वसूल होणाऱ्या करावरून त्यांचा जॉन ब्राइट या नामवंत सुधारक नेत्याशी उघड संघर्ष झाला. त्यांचे चिरंजीव विल्यम नॅसॉ मोल्सवर्थ हेही तेथेच धर्मगुरू होते, पण ब्राइट यांचे ते मित्र होते आणि १८४४ मध्ये रॉचडेलमध्ये सुरू झालेल्या ग्राहक सहकारी चळवळीला त्यांचा पाठिंबा होता. एकाच गावात, एकाच घरात बापलेक दोन टोकांना उभे होते.

येथे एक सावधगिरी हवी. रॉचडेलच्या परिसरात ‘वर्थ’ने संपणारी आडनावे खूप आहेत: अॅशवर्थ, बटरवर्थ, व्हिटवर्थ. ती तेथल्याच वस्त्यांवरून आली आहेत. मोल्सवर्थ त्यांच्या रांगेत बेमालूम बसते, म्हणून ते लँकेशरचेच स्थानिक आडनाव वाटू लागते. मूळ गाव मात्र दूर, आग्नेयेला आहे.

मराठी कोश करणारे मोल्सवर्थ कोण होते?

जेम्स टॉमस मोल्सवर्थ हे ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी होते. जॉर्ज आणि टॉमस कँडी हे बंधू आणि अनेक मराठी शास्त्री-पंडित यांच्या साहाय्याने त्यांनी केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. इंग्रजी-मराठी कोशाचे कामही त्यांनीच आरंभले. प्रकृती बिघडून ते मायदेशी गेल्यावर टॉमस कँडी यांनी ते पुरे केले आणि १८४७ मध्ये तो कोश निघाला. पुढे मोल्सवर्थ पुन्हा हिंदुस्थानात आले व मराठी-इंग्रजी कोशाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये बाहेर पडली. तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये तिचा संक्षेप केला, आणि १९७५ मध्ये पुण्यात ती आवृत्ती पुन्हा छापली गेली. आज ती संगणकावरही चाळता येते.

मराठीत या आडनावाला जे स्थान मिळाले ते जगात इतरत्र कोठेही मिळालेले नाही. ‘मोल्सवर्थमध्ये पाहा’ असे आपण म्हणतो तेव्हा माणूस मागे पडून ग्रंथ पुढे आलेला असतो. ज्या पंडितांनी शब्द गोळा करून, पारखून दिले त्यांचाही त्या नावात वाटा आहे. आडनाव एकाचे राहिले, श्रम अनेकांचे होते.

हिंदुस्थानात या आडनावाची आणखी कोणी माणसे होती का?

होती, आणि त्यांपैकी एक आपल्या क्षेत्रात तितकेच परिचित होते. सर गिलफर्ड मोल्सवर्थ (१८२८–१९२५) हे वर आलेल्या रॉचडेलच्या धर्मगुरूंचे पुत्र. सिलोनच्या रेल्वेचे काम केल्यावर १८७१ मध्ये ते हिंदुस्थान सरकारचे सरकारी रेल्वेसाठीचे सल्लागार अभियंता झाले. अभियांत्रिकी सूत्रांची त्यांची खिशात मावणारी पुस्तिका दोन-तीन पिढ्यांच्या अभियंत्यांनी वापरली. १९०४ मध्ये ते लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्स संस्थेचे अध्यक्ष होते. कोशकार आणि अभियंता यांची अनेकदा गल्लत होते. दोघांच्या कार्यकाळात बरेच अंतर आहे.

समुद्रापार हे आडनाव कोठे कोठे गेले?

न्यूझीलंडला १८४० मध्ये वेलिंग्टनच्या पहिल्या वसाहतवाल्यांत सर विल्यम यांचे धाकटे भाऊ फ्रान्सिस होते. सर विल्यम स्वतः न्यूझीलंड कंपनीशी संबंधित होते, म्हणून वेलिंग्टनमध्ये संसदेसमोरून जाणाऱ्या रस्त्याला मोल्सवर्थ स्ट्रीट हे नाव मिळाले. योगायोग असा की डब्लिनचा आणि वेलिंग्टनचा, दोन्ही मोल्सवर्थ रस्ते संसदेच्या दाराशी आहेत. ऑस्ट्रेलियात डब्लिनमध्ये जन्मलेले सर रॉबर्ट मोल्सवर्थ (१८०६–१८९०) व्हिक्टोरिया वसाहतीत न्यायाधीश झाले. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील कोडी येथे टॉमस मोल्सवर्थ यांनी विसाव्या शतकात ओबडधोबड लाकूड आणि कातडे वापरून केलेले फर्निचर आज संग्राहक शोधत असतात.

नकाशावर मोल्सवर्थ नावाच्या जागा दिसतात. तेथे हे आडनाव असेलच का?

नाही. वसाहतींतील गावे, रस्ते आणि मळे मंत्र्यांच्या, न्यायाधीशांच्या किंवा कंपनीच्या संचालकांच्या नावाने ओळखले जात. ज्यांचे नाव दिले ते बहुतेकदा तेथे कधी राहिलेही नाहीत. न्यूझीलंडमधील मोल्सवर्थ स्टेशन हे सुमारे १ लाख ८० हजार हेक्टरांचे, देशातील सर्वांत मोठे पशुपालन क्षेत्र आहे. त्या आकारावरून आडनावाचा प्रसार मोजता येत नाही. इंग्लंडमधील मूळ खेड्याजवळचा लष्करी तळही असाच. १९८० च्या दशकात तेथे अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याच्या बेताविरुद्ध मोठी आंदोलने झाली, त्यामुळे संगणकावर नाव शोधले की आधी त्याच बातम्या पुढे येतात.

स्त्रियांच्या बाबतीत शोध कसा घ्यावा?

लग्नाआधीचे आडनाव आधी निश्चित करावे. मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखिका मेरी लुइझा मोल्सवर्थ (१८३९–१९२१) या मूळच्या स्टुअर्ट; त्यांचा जन्म रॉटरडॅमचा. लेखिका म्हणून त्यांनी या आडनावाला जेवढी कीर्ती दिली तेवढी जन्माने मोल्सवर्थ असलेल्या फार थोड्यांनी दिली असेल.

या आडनावाचे घराण्याचे मानचिन्ह मिळते का?

इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला नसते, ते व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळते. पेनकॅरोच्या किंवा व्हायकाउंटांच्या ढालीवरील चिन्ह वापरण्याचा हक्क केवळ मोल्सवर्थ म्हणवून घेणाऱ्याला येत नाही. लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स हे त्यासाठीचे अधिकृत कार्यालय आहे. ‘आडनावाचे चिन्ह’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फलकांना शोभेपलीकडे अर्थ नाही.

जनुकीय चाचणीने नाते सिद्ध होते का?

काही अंशी होते. पुरुषाकडून पुत्राकडे जाणारे वाय गुणसूत्र आणि इंग्रजी आडनाव हे दोन्ही बापाकडूनच येतात, त्यामुळे त्यांची तुलना करता येते. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० मध्ये स्वतःच्या आडनावाच्या पुरुषांवर असा अभ्यास प्रसिद्ध केला. लेस्टरमधील टुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावे तपासली. स्मिथसारख्या आडनावांत धारकांचे गुणसूत्र परस्परांशी जुळत नाही, तर विरळ आडनावांत ते बऱ्याच प्रमाणात जुळते, असे त्यांना आढळले. मोल्सवर्थसारख्या आडनावासाठी हा मार्ग आशादायक आहे, विशेषतः चेशरचे मोल्ड्सवर्थ वेगळे काढण्यासाठी. दत्तकविधान, आईचे आडनाव लावणे किंवा विवाहबाह्य जन्म यांमुळे धागा तुटलेला असू शकतो; चाचणी जुळली नाही म्हणून कुटुंब खोटे ठरत नाही.

आडनावाचा प्रसार प्रत्यक्ष कसा मोजावा?

एकाच वर्षाच्या यादीवर विसंबू नये. इंग्लंडच्या पॅरिश नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात, १६४१–४२ मध्ये संसदेने प्रौढ पुरुषांकडून घेतलेल्या शपथांच्या याद्या काही परगण्यांत शिल्लक आहेत, आणि दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळातील चुलवण-कराच्या याद्यांत कुटुंबप्रमुखांची नावे मिळतात. औद्योगिक शहरे फुगण्याआधीचे चित्र या तीन साधनांतून उभे राहते. जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, सर्वांची नावे देणारी पहिली जनगणना १८४१ ची. त्यातही १८८१ ची जनगणना पूर्ण सूचीबद्ध असल्याने आडनावांचे नकाशे बहुधा तिच्यावरूनच काढतात. तो नकाशा गिरण्या आणि रेल्वेने माणसे हलवल्यानंतरचा आहे, हे विसरू नये. १९३१ ची जनगणना आगीत नष्ट झाली. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली, आणि मधली पोकळी १९३९ च्या राष्ट्रीय नोंदणीने काहीशी भरून निघते.

प्रत्येक यादीत मोल्सवर्थबरोबर मौल्सवर्थ, मोल्ड्सवर्थ, मोल्सवुर्थ ही रूपेही शोधावीत. विरळ आडनावाच्या बाबतीत एक चुकीचे अक्षर म्हणजे एका परगण्यातले अख्खे कुटुंब हरवणे होय.

महाराष्ट्रातील ब्रिटिशकालीन नोंदी कोठे पाहाव्यात?

मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन ३’ या खुणेखाली आहेत. बंगालसाठी ‘एन १’ आणि मद्रासला ‘एन २’. एकाच माणसाची बदली इलाख्याबाहेर झालेली असू शकते, म्हणून तिन्ही पाहावीत. लष्करी अधिकाऱ्यांच्या भरतीचे कागद वेगळ्या वर्गात असून त्यांत बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो. इंग्लंडमधील मूळ पॅरिश कळण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे.